काउंटरची फळी उचलून बाहेर आलेल्या ग्रंथपाल मॅडमना

मॅडम,
सा. न. वि. वि.

परवा माझ्या लघुप्रबंधाची तोंडी झाली. बाहेरून आलेल्या सरांनी मागची संदर्भांची पानं उलटत विचारलं, "ही साधनं कुठं बघितलीत? पुण्याला गेला होतात का?" मी म्हटलं, "नाही सर, इथंच. आमच्या लायब्ररीत." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं असं बघितलं की मी थाप मारतोय. तुम्हाला हे सांगायला तसाच वर आलो, तर तुम्ही रजेवर. लायब्ररीतले मामा म्हणाले, फोन लाव. पण फोनवर मला "बरं, ठेवतो" याच्या पुढं जाता येत नाही. म्हणून लिहितोय. आणि चारचौघांसमोर लिहितोय, कारण ज्यांनी मला आधी हाकलून लावलं त्यांच्यापर्यंतही हे पोचलं तर बरंच होईल.

आधी त्यांचंच सांगतो. बी.ए. मी शहरातल्या मोठ्या कॉलेजात केलं. लायब्ररीला स्वतंत्र इमारत, बाहेर संगमरवरी पाटी. तीन वर्षांत पुस्तकं मी फक्त काचेतून पाहिली. खिडकीत चिठ्ठी सरकवायची आणि उभं राहायचं. आतून उत्तर दोनच: "बाहेर गेलंय" नाहीतर "उद्या या". एकदा धीर करून विचारलं, जरा कपाटापाशी जाऊन बघू का? तर म्हणाले, "चपलांचं दुकान आहे का हे, काढून बघायला?" मागं लाइनीत उभी असलेली पोरं हसली. त्या खिडकीच्या वर भिंतीवर थर्माकोलची अक्षरं होती, 'वाचकाचा वेळ वाचवा'. ग्रंथालयशास्त्र घडवणाऱ्या रंगनाथनांच्या पाच नियमांतला हा चौथा, हे मला तुमच्याकडून कळलं. तिथं त्यांच्या फोटोला दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, हार मात्र न चुकता पडायचा. आणि त्या दिवशी कार्यक्रम म्हणून इश्यू बंद. फीच्या पावतीत ग्रंथालय शुल्काची ओळ तिन्ही वर्षं होती, तेवढं आठवतंय.

मग सहा वर्षं शिक्षण सुटलं. दुधाचा टेम्पो आला. आपल्याकडं एम.ए.ला नाव घातलं तेव्हाही लायब्ररीत जायचं मी महिनाभर टाळलं. पहाटेची फेरी करून येणार, शर्टाला दुधाचा आंबूस वास, आणि वाचनकक्षात सगळी इस्त्रीतली पोरं.

त्या दिवशी आलो ते नाइलाजानं. विषय घेतला होता दुष्काळ. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, आम्हाला दुसरा विषय सुचत नाही. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढलेले. तिच्या गोष्टी ऐकत वाढलो, तर म्हटलं त्याच्याही मागं जाऊन बघू, १८७६-७८ च्या दुष्काळात काय झालं होतं. काउंटरशेजारच्या कॉम्प्युटरवर 'दुष्काळ' टाईप केलं. दोन कथासंग्रह आले. इंग्रजीत स्पेलिंग चुकवलं, काहीच आलं नाही. तुम्ही काउंटरच्या आत रजिस्टर भरत होतात. मान वर करून विचारलंत, "काय शोधताय?" मी सवयीनं म्हणालो, "काही नाही मॅडम, उद्या येतो."

आता मी जे सांगणार आहे ते तुम्हाला आठवतही नसेल. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. उठलात. काउंटरच्या कडेला ती उचलायची लाकडी फळी आहे ना, तिच्यावर शिक्के, स्टॅम्पपॅड, परत आलेल्या पुस्तकांचा ढीग होता. ते सगळं एकेक करून बाजूला ठेवलंत, फळी उचललीत, ती कुरकुरली, आणि तुम्ही बाहेर आलात. माझ्या बाजूला. स्टूल ओढून शेजारी बसलात आणि म्हणालात, "हं, आता सांगा, दुष्काळातलं नक्की काय हवंय?"

बस. एवढंच. पण मॅडम, मी तोवर कुठल्याच काउंटरची फळी माझ्यासाठी उचललेली बघितली नव्हती. तहसीलला नाही, बँकेत नाही, त्या संगमरवरी पाटीच्या इमारतीत तर नाहीच. मला पलीकडून बोलणारी माणसंच माहीत. माझ्या शर्टाचा वास तुम्हाला आला असणारच. तुम्ही स्टूल मागं सरकवलं नाहीत.

मग तुम्ही मला कपाटांमधून फिरवलंत. म्हणालात, दुष्काळ एका कपाटात मावत नाही. इतिहास म्हणून बघायचा तर पुस्तकावरचा आकडा ९५४. धान्याच्या पुरवठ्याचा प्रश्न म्हणून ३६३.८. त्याच धान्याचं अर्थकारण ३३८ मध्ये. आणि दुष्काळावरची मराठी कथा-कादंबरी पार दुसऱ्या टोकाला, ८९१.४६. "तुम्ही एकाच दारावर थाप मारत होतात," असं काहीतरी म्हणालात. पुस्तकाच्या कण्यावरचे ते आकडे मी आजवर गाडीच्या नंबरासारखे बघत होतो. त्यांना अर्थ असतो, आणि तो कळला की माणूस कुणाला न विचारता आपापला फिरू शकतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

साताऱ्याचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेली जिल्ह्याची सगळी माहिती, १८८५ चा एकोणिसावा खंड, तुम्ही वरच्या कप्प्यातून मामांकडून काढून घेतलंत. त्यात १३९६ ला सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळापासून सगळी जंत्री. मी विचारलं, घरी नेऊ का? तुम्ही सरळ "नाही" म्हणालात. संदर्भग्रंथ, पान धरलं की तुकडा हातात येतो, झेरॉक्सही नाही. मला तेव्हा जरा लागलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी आलो तर खिडकीजवळच्या टेबलावर तोच खंड, आत कागदाची पट्टी घातलेली आणि वर चिठ्ठी: 'वाचन चालू आहे, उचलू नये'. तीन आठवडे ती चिठ्ठी तिथं होती.

आपल्याकडं चांगला माणूस म्हणजे आपल्यासाठी नियम वाकवणारा, असं लोक समजतात. मीही समजायचो. ओळखीनं पुस्तक घरी देणारे त्या मोठ्या कॉलेजातही होते की, पाटलांच्या पोराला मिळायचंच. पण जो एकाला नियम वाकवून देतो तो दुसऱ्याला त्याच नियमानं हाकलतो. तुम्ही नियम होता तिथंच ठेवलात आणि त्याच्या आत मला बसायला जागा करून दिलीत. याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण मी हल्ली दूध मोजताना, लिटर बघताना, समोरच्याकडं जरा वेगळं बघतो.

एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजच्या पोरांना ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकं वाचायला मिळतात त्याचं, लॉगिन तुम्ही काढून दिलंत ते मी शीतकरण केंद्रावर टेम्पोच्या रांगेत वापरलं. शोधगंगा या पीएच.डी.च्या प्रबंधांच्या वेबसाइटवरचे दोन प्रबंध केबिनमध्ये बसून मोबाइलवर वाचलेत, पहाटे चार वाजता. तिथंच पहिल्यांदा 'टेंपल वेज' वाचलं. १८७७ मध्ये इंग्रज सरकारनं दुष्काळासाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध सरकारकडं अर्जावर अर्ज केले, मजुरांनी कामं सोडली. घरी येऊन आजीला सांगितलं, तर तिनं डब्यातली ज्वारी वाटीनं मोजून परातीत ओतली, बघितली आणि म्हणाली, "यवढ्यावर खडी फोडायची?" प्रबंधातलं शेवटचं प्रकरण त्या परातीपासून सुरू होतं. बाहेरच्या सरांना तेच आवडलं.

एक कळलं ते लिहू का नको, विचार करत होतो. मामांकडून कळलं की तुम्ही अजून तासिका तत्त्वावर आहात, वर्षानुवर्षं. जागा भरतच नाहीत म्हणे. यावर मी काय बोलणार. चीड आली एवढं सांगतो.

आणि आणखी एक. गेल्या आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी कॉम्प्युटरपाशी नुसती उभी होती. मी उठायच्या आत फळी कुरकुरली. ती बिजागरी आता फारच आवाज करायला लागलीय मॅडम, वाचनकक्षात सगळे माना वर करतात. सोमवारी येताना गाडीतली तेलाची बाटली आणतो. तेवढं मला करू द्या.

आपला,
एम.ए. भाग दोन, इतिहास
(खिडकीजवळचं टेबल)