बॉयलरवाल्यांच्या गावातून

वेस्ट लाफायेट, इंडियाना
२८ एप्रिल २०२४

ती. पप्पा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण आपल्याकडं फोनवर चौघं एकदम बोलतात. आज्जी तर व्हिडिओ कॉल कानाला लावून बोलते, मला निम्मा वेळ तिचा कानच दिसतो. त्यात सांगायचं ते राहूनच जातं. माझ्या खोलीवरचा नाशिकचा मित्र पुढच्या आठवड्यात घरी निघालाय. हे पत्र आणि एक टी-शर्ट त्याच्या बॅगेत घालतोय, तो तिकडून कुरिअर करेल.

शुक्रवारी शेवटचा तास झाला. उद्यापासून परीक्षा, मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात पदवीदान. अभ्यासाची वही समोर उघडी आहे आणि मी पत्र लिहितोय. पप्पा, ही सवय कुणाची ते आई सांगेलच.

मी इथं यायच्या आधी तुम्ही विचारलं होतं, "पर्ड्यू म्हणजे काय? आणि पोरांना बॉयलरवाले का म्हणत्यात? तिथं बॉयलर करायला शिकवत्यात काय?" तेव्हा हसण्यावारी नेलं. आता नीट सांगतो. पर्ड्यू म्हणजे माझं इथलं विद्यापीठ. १८९१ साली इथल्या पोरांनी शेजारच्या वाबाश कॉलेजला फुटबॉलमध्ये धुतलं. इथला फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन एकमेकांना आडवं करायचं. हरलेल्या गावातल्या पेपरनं चिडून छापलं, की ही कसली कॉलेजची पोरं, हे तर दांडगे बॉयलरमेकर आले होते. शिवी म्हणून दिलेलं नाव पोरांनी छातीवर लावून घेतलं. तेव्हापासून इथले सगळे खेळाडू बॉयलरमेकर. १९४० पासून सामन्याला एक गाडी फिरते, ट्रकच्या सांगाड्यावर रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची बॉडी चढवलेली. तिचा भोंगा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपल्या साखर कारखान्याची पाळी बदलल्यासारखं वाटलं. एवढ्या परक्या गावात तेवढा एकच आवाज ओळखीचा होता. मी या लोकांच्या बाजूचा झालो तो तिथंच, खेळाचे नियम कळायच्या आधी.

खेळ म्हणजे बास्केटबॉल. इंडियानात त्याचं वेड आपल्या कोल्हापूरच्या पेठांतल्या फुटबॉलइतकं आहे, अतिशयोक्ती करत नाही. मॅकी अरीना नावाचं गोल बंदिस्त स्टेडियम, चौदा हजारांवर माणसं, आणि छप्पर असल्यामुळं आवाज बाहेर जायला वाट नाही. पोरं पार मैदानाला चिकटून उभी. उभी म्हणजे दोन तास उभीच. पहिल्या सामन्यानंतर पोटऱ्या दुखत होत्या आणि तुमची आठवण आली. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात तुम्ही कसे उभे राहत होता कोण जाणे.

मार्चमध्ये देशभरातल्या ६८ कॉलेज संघांची बाद फेरीची स्पर्धा असते. एकदा हरलं की घरी. मागच्या वर्षी, १७ मार्च २०२३ ला, आमचा संघ त्याच्या गटातला पहिल्या मानांकनाचा होता आणि समोर सोळाव्या मानांकनाची फेअरली डिकिन्सन. आमच्याकडं झॅक ईडी, सात फूट चार इंच. त्यांचा संघ डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, उंचीनं सर्वांत बुटका. सोळाव्यानं पहिल्याला हरवणं त्याआधी पुरुषांच्या स्पर्धेत एकदाच झालं होतं, २०१८ मध्ये. आम्ही निवांत पॉपकॉर्न खात बसलो होतो. ती बुटकी पोरं ईडीभोवती गांधीलमाश्यांसारखी फिरत राहिली, त्याच्यापर्यंत चेंडूच जाऊ देईनात. ६३-५८. हरलो.

त्या रात्री मी जेवलो नाही. भात कुकरमध्ये तसाच राहिला.

पप्पा, आता जे लिहितोय ते समोरासमोर जमलं नसतं. माझ्या बारावीच्या फिजिक्सच्या आदल्या दिवशी तुम्ही मॅचला गेला होता. तुमची पाटाकडील तालीम हरली. तुम्ही येऊन उंबऱ्यावर बसला, चपलासुद्धा काढल्या नाहीत. आईनं दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकलं. मी आतून ओरडलो होतो, "पोराची परीक्षा आहे आणि तुम्ही फुटबॉलपायी जेवण सोडताय? अकरा पोरं पळत होती, तुमचं काय गेलं?" तुम्ही काहीच बोलला नाही. उठून पाय धुतले आणि मला सकाळी सहाला उठवायचा गजर लावला.

कुकर उघडून उभा होतो तेव्हा ते वाक्य जसंच्या तसं कानात आलं. अकरा नव्हती, पाचच होती. माझं काय गेलं होतं? त्या पोरांना मी ओळखत नाही, ती मला ओळखत नाहीत. तरी गेलं होतं.

१९ नोव्हेंबरला आपली वर्ल्डकपची फायनल होती तेव्हा इथं पहाटे साडेतीनला सुरू झाली. आम्ही पंधरावीस देशी पोरं एका खोलीत कोंबून बसलो. हेडनं मारलं, आपण हरलो, सगळे रडकुंडीला आले. पण त्या दुःखाला सोबत होती. मामाचा फोन आला, पिंकीचा आला, ग्रुपवर अख्खी गल्ली रोहितला आणि खेळपट्टीला शिव्या घालत होती. पर्ड्यू हरल्याचं कोल्हापुरात कुणाला सांगणार? हे दुखणं मी स्वतः विकत घेतलेलं. त्यामुळं ते जास्त माझं वाटलं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच झालं.

आणि फेअरली डिकिन्सनकडून हरल्यावर दुसऱ्या दिवसापासून जे बघितलं ते सांगण्यासारखं आहे. वर्षभर सगळा देश या संघावर हसत होता. ते काही पहिल्यांदाच नव्हतं, २०२१ ला तेराव्या आणि २०२२ ला पंधराव्या मानांकनाच्या संघाकडून हरले होते. प्रशिक्षक मॅट पेंटर, याच कॉलेजचा जुना खेळाडू. आपल्याकडं असतं तर तालमीच्या कट्ट्यावर त्याचा पुतळा जाळला असता. इथंही काढा म्हणणारे होतेच. तो राहिला. ईडीही राहिला. तो टोरांटोचा. लहानपणी हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉल हातात घेतला तो हायस्कूलला गेल्यावर. दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण मला त्याच्याबद्दल जे आवडतं ते वेगळंच. २०२१ पासून इथल्या कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून पैसे कमवायला परवानगी आहे, पोरं लाखो डॉलर मिळवतात. ईडीला ते मोकळेपणानं जमलं नाही, कारण तो परदेशी विद्यार्थी. व्हिसा माझाच, एफ-१! मला कॅम्पसबाहेर कॉफीच्या दुकानात काम करता येत नाही, त्याला बुटाची जाहिरात करता येत नाही. कॅम्पसवर तो एकदा लांबून दिसला, बाकीच्यांच्या डोक्यांवरून आरपार. मनात म्हटलं, भावा, आपली एकच लाईन.

बाकी हा सगळा प्रकार भाबडा नाही, हेही लिहून ठेवतो. टीव्हीचा पैसा इतका आहे, की प्रशिक्षकांचे पगार ऐकून प्राध्यापकांनी मान खाली घालावी. मला पेपर तपासायचे जे मिळतात त्यात भाडं जाऊन शिमला मिरची घ्यायची की नाही याचा विचार करावा लागतो. हे कळतं. तरी सामन्याच्या दिवशी मी तिथं असतो.

यंदा पुन्हा पहिलं मानांकन. यंदाही सगळे वाटच बघत होते, कधी आपटतात. ३१ मार्चला डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध सामना झाला. जिंकला तर शेवटच्या चारात, जिथं पर्ड्यू १९८० नंतर गेली नव्हती. ईडीनं एकट्यानं ४० गुण केले, ७२-६६. मी जिन्यावरून अनवाणी खाली पळालो. रस्त्यावर एवढी माणसं कुठून आली कळेना, काही पोरं थंडीत कारंज्यात उतरली. आमच्या इमारतीची देखभाल करणारे साठीतले गृहस्थ, एरवी 'कचरा नीट टाका' याशिवाय एक शब्द न बोलणारे, मला मिठी मारून रडले. चव्वेचाळीस वर्षं म्हणाले. एवढंच म्हणाले.

मग आला ८ एप्रिल. आज्जीला आठवत असेल, सोमवती अमावास्या. त्याच दिवशी इंडियानात खग्रास सूर्यग्रहण आणि त्याच रात्री फायनल. आमच्या गावावरून पूर्ण सावली जात नव्हती, म्हणून तिघं मित्र गाडीनं इंडियानापोलिसच्या दिशेला गेलो आणि मक्याची खुंटं राहिलेल्या एका शेताच्या कडेला थांबलो. दुपारी तीननंतर एकदम गारवा आला, पाखरं गप्प झाली, सूर्याच्या जागी काळी टिकली आणि चारी बाजूंना क्षितिजावर तांबडं. मला पहिलं काय सुचावं? आज्जी आता काही खाऊ देणार नाही, हे. मित्र मात्र ओरडला, "पेंटरला सांगा, अपशकून आहे!" येताना तासाभराच्या वाटेला चार तास लागले, सगळं राज्य एकाच रस्त्यावर.

रात्री नऊ वीसला सामना सुरू झाला, म्हणजे तुमच्याकडं पाडव्याची सकाळ. समोर मागच्या वर्षीचे विजेते कनेक्टिकट. मध्यंतराला सहा गुणांनी मागं होतो तेवढ्यात आईचा फोन. गुढी उभी केली, बघ म्हणाली. गॅलरीतली गुढी, साखरेची माळ, शेजारी नव्या शर्टात पप्पा. आई, तू विचारलंस, घसा कशानं बसलाय, आणि मी सर्दी झाली म्हटलं. सर्दी नव्हती. पप्पांनी मात्र माझ्याकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "किती मागं?" त्यांना कसं कळलं ते त्यांनाच ठाऊक.

हरलो. ७५-६०. ईडीचे ३७ गुण, बाकीच्यांना बाहेरून मारायला जागाच दिली नाही त्यांनी. लांबून एकच बास्केट पडली, सातातली एक. १९६९ लाही पर्ड्यू फायनलला हरली होती, ती यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाकडून. त्यांचा प्रशिक्षक जॉन वुडन, आणि वुडन तरुणपणी पर्ड्यूचाच खेळाडू. हे मला त्या इमारतीच्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात उभं करून सांगितलं. या वेळी ते रडले नाहीत. पुढच्या वर्षी कोण कोण संघात राहणार याची यादी त्यांनी बोटांवर मोजली. ईडी जाणार. मीही जाणार, पण ते त्यांच्या यादीत नव्हतं.

त्या रात्री मात्र मी जेवलो. आमटी-भात, दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नोकरीची मुलाखत होती. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता रागावू नका. आवाज बसलेला, बोलायला गेलो तर बेडकासारखा. समोरच्या बाईंनी विचारलं, बरं नाही का? खरं सांगून टाकलं. त्या इंडियाना विद्यापीठाच्या निघाल्या, म्हणजे पर्ड्यूच्या कट्टर विरोधकांच्या, आमची शिवाजी पेठच! दहा मिनिटं त्यांनी मला चिडवलं, मग उष्णता-वहनावर घेतलं. तिथं मी तुमचा बॉयलर सांगितला. उसाचा ओला चोथा, ओली बगॅस आली की वाफेचा दाब कसा पडतो, तुम्ही काचेतून आगीचा रंग बघून कसं ओळखता. त्यांनी लिहून घेतलं. अजून काही कळवलेलं नाही. पदवीनंतर इथं बिननोकरीचं जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. कर्जाचा हप्ता मी विसरलेलो नाही. रोज अर्ज करतोय, रोज नकार येतोय, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतोय.

हंगाम संपून बॉयलर थंड झाला असेल. नळ्या साफ करायला आत उतरताना या वर्षी तरी तोंडाला फडकं नाही, नीट मास्क लावा. टी-शर्टवर हातोडा घेतलेला बॉयलरमेकर आहे, साईज एक्सएल. ऑक्टोबरात कारखान्याच्या बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला घालून जा आणि चेअरमननी विचारलं तर सांगा, पोराच्या कॉलेजात सगळ्यांनाच बॉयलरवाले म्हणतात. आईला शर्ट नाही, तिच्यासाठी मेपल सिरप. आज्जीला सांगा ते मध नाही, औषधात घालू नको. पिंकीचं पहिलं मतदान ७ तारखेला आहे ना, बोटाचा फोटो पाठव म्हणावं.

आणि पाटाकडील-शिवाजी सामना झाला का, काय झालं, ते तुम्ही स्वतः कळवा. आईला विचारलं तर ती माहेरच्या बाजूनं सांगते, आणि मामा गोल मोजतानाच दोन वाढवतो.

तुमचा,
बाळू