होडी चढवायची तर उतार आठाला एक हवा

महोदय,

किनाऱ्यावर गाड्या नेण्यास सरसकट बंदी घाला, ही मागणी दर मे महिन्यात होते. वाळूत जीप उडवणाऱ्या पर्यटकांपुरती ती रास्तच आहे. पण त्याच आठवड्यांत कोकण किनाऱ्यावर छोट्या होड्या वर काढण्याचे काम चालू असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून त्याआधी होडी उधाणरेषेच्या वर गेली पाहिजे आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात आली पाहिजे. पूर्वी वीस माणसे खांदा लावत. आता माणसे मिळत नाहीत, म्हणून तीनचाकी टेम्पो, पिकअप किंवा छोटा ट्रॅक्टर लागतो. अंतर दोनशे पावलांचे असते, पण दोर तुटणे, क्लच जळणे, होडी उताराने मागे सुटणे हे सगळे त्या दोनशे पावलांतच घडते. त्याची कारणे ठरावीक आहेत आणि बरीचशी धक्क्याच्या बांधकामात आहेत, म्हणून हे पत्र.

हिशेब अठरा फुटी फायबरच्या होडीचा धरू. रिकामी होडी साधारण ३५० किलो, दहा हॉर्सपॉवरचे बाहेरचे इंजिन ४० किलो, दोन चाकांची ट्रॉली ११० किलो, एकूण ५००. आठ फुटाला एक फूट चढ असलेल्या काँक्रीटच्या उतारावरून हे वर न्यायला ६२ किलोचा जोर चढासाठी आणि चाकांच्या घर्षणासाठी आणखी दहाएक किलो, म्हणजे ७० ते ७५ किलोचा जोर पुरतो. ओढणारा तीनचाकी टेम्पो रिकामा ४५० किलोचा धरला, तर त्याला स्वतःचे वजन वर न्यायलाही ५५ किलो लागतात. बेरीज १३०. इंजिनाला हे जड नाही. प्रश्न टायरच्या पकडीचा असतो. टेम्पोच्या मागच्या चाकांवर २७० किलो भार असेल, तर कोरड्या काँक्रीटवर तो जास्तीत जास्त १९० किलोचा जोर लावू शकतो. तेच काँक्रीट शेवाळलेले असेल तर पन्नासही मुश्कील. चाक जागच्या जागी फिरते, चालक ॲक्सिलरेटर दाबतो, रबराचा वास सुटतो आणि टेम्पोसकट सगळे मागे घसरू लागते. आता चढ आठाऐवजी पाचाला एक करून पाहा. होडीला ११०, टेम्पोला ९०, बेरीज २००. म्हणजे कोरड्या उतारावरसुद्धा तो टेम्पो पुरा पडत नाही. जागा वाचवायला धक्क्याचा उतार तीव्र बांधला, की पुढे त्याची किंमत कोणाच्या क्लचप्लेटने मोजली जाते ते यावरून कळावे.

वाळूत गणित आणखी वेगळे. ट्रॉलीशिवाय, पठाणावर म्हणजे तळाच्या कण्यावर होडी ओढली, तर वजनाच्या निम्म्याहून जास्त जोर नुसता घर्षणाला जातो. शिवाय पठाणाचा जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत राळेचा थर, घासून आतले फायबर उघडे पडते आणि पाणी पिऊ लागते. अरुंद चाकांची ट्रॉली कोरड्या भुसभुशीत वाळूत रुतते आणि वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंत जोर मागते. ओल्या घट्ट वाळूत मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होते. म्हणून वाळूवर वेळ भरतीची साधावी. होडी पाण्यावरच जितकी वर येईल तितकी येऊ द्यावी आणि पाणी उतरायला लागताच घट्ट पट्ट्यावरून ओढावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हे जुन्या माणसांचे कोष्टक आजही चालते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. पिकअप वाळूत न्यावाच लागला, तर टायरची हवा तीसवरून अठरा पाउंडापर्यंत उतरवावी आणि रस्त्यावर चढताच पुन्हा भरावी. हे दुसरे विसरले की टायरची बाजू कापली जाते.

ट्रॉलीवर होडी कशी बसते याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. होडीचा तोल कुठे आहे ते आधी काढावे. खाली माडाचा एकच ओंडका घालून होडी पुढे-मागे सरकवली, की ती ज्या जागी डुलते तो तिचा तोल. बाहेरचे इंजिन मागच्या फळीवर तसेच असेल तर तो बराच मागे सरकतो. ट्रॉलीची आस (चाकांचा दांडा) या तोलाच्या किंचित मागे हवी, इतकी की ट्रॉली ओढायच्या दांडीच्या टोकावर एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार यावा. ५०० किलोला ३५ ते ५०. घरातला वजनकाटा विटांवर ठेवून, टेम्पोच्या हुकाच्या उंचीला दांडी त्यावर टेकवली की आकडा दिसतो. सपाट रस्त्यावर ४० किलो आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. दांडी तीन मीटरची असेल तर ४० किलो याचा अर्थ तोल आसेच्या पुढे फक्त २४ सेंटिमीटर आहे. तो आसेच्या ६० सेंटिमीटर वर असला, तर आठाला एक चढावर साडेसात सेंटिमीटर मागे जातो आणि दांडीवर २७-२८ किलोच उरतात. पाचाला एक चढावर जेमतेम वीस. होडी मागे जड बसवलेली असेल तर चढावर दांडी वर उचलते, टेम्पोची मागची चाके हलकी होतात आणि होती तेवढी पकडही जाते. अशा वेळी माणसे मागून होडी ढकलायला धावतात. नेमके तिथेच कोणी उभे राहू नये.

आणखी एक वजन विसरले जाते, ते पाण्याचे. तळाशी चार बोटे पाणी दिसले तरी अठरा फुटी होडीत ते दोनशे लिटर, म्हणजे दोनशे किलो असू शकते. ते एका बाजूला धावते आणि वळणावर ट्रॉली कलंडते. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, जराशी वर घेऊन, मागच्या फळीचे बूच काढून, पाणी पूर्ण उतरेपर्यंत थांबावे. बूच सुतळीने तिथेच बांधून ठेवावे. श्रावणात पाण्यात उतरवताना ते न सापडणे हा दरवर्षीचा खेळ आहे.

शेवाळाच्या उतारावर छोटी गाडी वापरण्याची खात्रीची पद्धत एकच: गाडी खाली नेऊच नये. ती वर, सपाट कोरड्या जागी उभी करावी आणि पंधरा ते वीस मीटर दोर सोडून फक्त ट्रॉली पाण्यात न्यावी. दांडीखाली एक छोटे चाक असले की ट्रॉली एकटी चालते. गाडीला मग स्वतःचे वजन चढवावे लागत नाही, म्हणजे वरच्या हिशेबातले ५५ किलो वाचले, आणि टायर कोरडे राहिले. दोर डॅनलाइनचा (प्लास्टिकच्या धाग्याचा), अंगठ्याएवढा जाड आणि बिनगाठीचा घ्यावा. मध्ये गाठ मारलेला दोर गाठीपाशीच तुटतो. नायलॉनचा नको, तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो, म्हणून ताणलेल्या दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे आणि त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. दोर ट्रॉलीला शॅकलने (पिनने बंद होणाऱ्या कडीने) जोडावा, उघड्या हुकाने नव्हे. ढील पडली की हूक निसटतो. होडीच्या नाळेवरच्या कडीला तर बांधूच नये. आतून लोखंडी पट्टी नसेल तर कडी फायबरचा तुकडा घेऊन बाहेर येते.

निघताना आधी दोराची ढील हळू काढावी, मग पहिल्या गिअरमध्ये एका दमात ओढावे. झटका द्यायचा नाही, अर्ध्या क्लचवर थांबायचे नाही. थांबायचेच झाले तर एका माणसाने बाजूने चालत चाकामागे लाकडी पाचर सरकवावी. पाचरेला दीड-दोन हात दोरी बांधलेली असली की हात चाकाखाली जात नाही. खाली उतरवताना धोका जास्त, कारण हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो आणि ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतो. तेव्हा दोर गाडीला न बांधता वरच्या खुंट्याभोवती दोन वेढे देऊन सोडत जावा. दोन वेढ्यांवर एक माणूस पाचशे किलो आरामात धरतो.

काम झाल्यावर ट्रॉलीची चाके गोड्या पाण्याने धुऊन बेअरिंगला ताजे ग्रीस दिले नाही, तर दोन महिन्यांत ती गंजून बसतात. आणि डांबरी रस्त्यावर जायचे असेल तर ट्रॉलीची नोंदणी हवी. बंद पडलेल्या गाडीला दोर लावून नेता येते, होडीला तशी सूट नाही.

बंदर खात्याकडे आणि स्थानिक संस्थांकडे मागणी एवढीच आहे. नव्या धक्क्यांचा उतार आठाला एकपेक्षा तीव्र नसावा आणि काँक्रीट ओले असतानाच त्यावर तिरक्या खाचा पाडाव्यात. गुळगुळीत घोटलेल्या उतारावर शेवाळ धरले की खाचा नंतर पाडून भागत नाही. वर दोन मजबूत खुंटे रोवावेत. मे आणि श्रावणात खराट्याने शेवाळ खरवडून घ्यावे. वाहनबंदीच्या आदेशात होडी ओढणाऱ्या गाड्यांना ठरावीक पट्ट्यापुरती आणि भरतीच्या तासांपुरती सूट द्यावी. आणि प्रत्येक उतारावर, जिथून शेवाळ सुरू होते तिथे, ठळक पांढरा पट्टा मारावा: याच्या खाली ट्रॉली, याच्या वर गाडी.

– एक वाचक, वेंगुर्ले