प्लग काढला तरी मॉनिटर ‘बंद’ होत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या आर्केड यंत्रांवरचा, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेट्यांवरचा, लेख मी आवडीने वाचला. १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’चा किंवा १९८० च्या ‘पॅक-मॅन’चा काळा पडलेला पडदा पुन्हा उजळतो तेव्हा काय वाटते, हे मला ठाऊक आहे, कारण असे मॉनिटर मी स्वतः दुरुस्त करतो. मात्र ‘प्लग काढल्यावर मॉनिटर निर्धास्तपणे उघडावा’ हे त्या लेखातील विधान चुकीचे असून त्यावर विसंबणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

रंगीत १९ इंची पिक्चर ट्यूबला (जुन्या मॉनिटरच्या पडद्याच्या काचेच्या नळीला) फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरकडून, म्हणजे उच्च दाब तयार करणाऱ्या भागाकडून, साधारण २०,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब मिळतो. ट्यूबची काच आणि तिच्या आतबाहेरचे ग्रॅफाइटचे लेप मिळून एक कपॅसिटरच, म्हणजे वीज साठवणारा भाग, तयार होतो, आणि वीज तोडल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहतो. तो काढण्यासाठी जाड वायरचे एक टोक आधी ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या अर्थिंगच्या उघड्या तारेला आणि दुसरे टोक चांगल्या इन्सुलेशनच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरला पक्के जोडावे, एक हात पाठीमागे ठेवावा आणि मगच पाते ॲनोडच्या (ट्यूबवरील उच्च दाबाच्या जोडणीच्या) रबरी टोपीखाली सरकवून आतल्या धातूला टेकवावे. वायर सर्किट बोर्डवरच्या ग्राउंडला जोडली, तर त्यावरचे नाजूक भाग जळू शकतात. एवढे करूनही काम संपत नाही, कारण काचेत मुरलेला भार काही मिनिटांत पुन्हा वर येतो. एकदा रिकाम्या केलेल्या ट्यूबमधून दुसऱ्यांदा ‘चट्’ असा आवाज मी अनेकदा ऐकला आहे. म्हणूनच टोपी काढण्याच्या अगदी आधी ही कृती पुन्हा करणे मी कधीच टाळत नाही.

ॲनोडच्या झटक्याने माणूस दचकून हात मागे ओढतो आणि त्या ओढीत ट्यूबची बारीक मान मोडते, हा धोकाही तेवढाच खरा आहे. आत निर्वात पोकळी असल्याने काच फुटून उडू शकते, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवाच. वीजपुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्येही शंभराहून अधिक व्होल्ट उरलेले असू शकतात. ते मल्टिमीटरने मोजल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये.

चालू मॉनिटर तपासण्याविषयी लेखात काहीच नाही. अनेक आर्केड मॉनिटरांना स्वतःचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (भिंतीतल्या विजेपासून यंत्राला वेगळे ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) नसतो. तो यंत्राच्या पेटीत बसवलेला असतो. मॉनिटर पेटीतून काढून टेबलावर थेट भिंतीतल्या प्लगला जोडला, तर त्याच्या चेसिसमध्येच, म्हणजे धातूच्या सांगाड्यात, वीज उतरू शकते.

मूळ लेख जिथे छापला होता, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळकपणे ही दुरुस्ती पुढच्या रविवारी द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक