घरट्यांचे फोटो छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात वाचकांच्या छायाचित्रांच्या पानावर आपण पहिलं बक्षीस ज्या फोटोला दिलंत, त्याबद्दल हे पत्र. फोटो पाहिल्यापासून मन थाऱ्यावर नाही. चोची वासून घरट्याच्या तोंडाशी आलेली शिंजिराची (फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी, इंग्रजीत सनबर्ड) दोन पिल्लं आणि किडा घेऊन आलेली मादी. अनेकांना तो गोड वाटला असेल. पण तो पुन्हा एकदा नीट बघा. घरटं ज्या फांदीला लोंबतंय, तिच्यावर एकही पान नाही. डावीकडे देठांची टोकं तिरकी कापलेली दिसतात, काप अजून ताजे आहेत. पिल्लांच्या उघड्या अंगावर थेट ऊन पडलंय. एप्रिलमध्ये त्या झाडाची एवढी एकच फांदी आपोआप बोडकी होत नाही. कॅमेऱ्याच्या आड येतात म्हणून पानं छाटली आहेत, आणि आपण त्यालाच बक्षीस दिलंत.

मी हे अंदाजाने बोलत नाही. गेल्या उन्हाळ्यात गोडोलीत आमच्या शेजारच्या अंगणात, कागदी लिंबाच्या फांदीला शिंजिराने घरटं केलं होतं. कोळ्याचं जाळं, गवताच्या काड्या, सालींचे तुकडे, अळ्यांची वाळलेली विष्ठा, सगळं गुंडाळून केलेली लोंबती पिशवी. लांबून पाहिलं तर झाडाला कचरा अडकलाय असंच वाटावं. तोंड बाजूला आणि त्यावर पुढे आलेली छोटीशी पडवी. अंडी एकटी मादीच उबवते, साधारण पंधरवडाभर. पडवीतून तिची बाकदार चोच तेवढी बाहेर दिसायची. पिल्लं निघाल्यावर नरही भरवायला येऊ लागला.

मग शेजाऱ्यांच्या ओळखीतले एक छायाचित्रकार भलीमोठी लेन्स घेऊन आले. मी वरच्या गॅलरीतून बघत होते. त्यांनी खिशातून कात्री काढून घरट्याभोवतीची पानं कापली. मी ओरडले तर म्हणाले, "काकू, दोनच मिनिटं." ते ऊन चढेपर्यंत तिथेच होते, तिपाई घरट्यापासून हातभर अंतरावर. मादी चोचीत कोळी धरून वायरवर यायची, चिट् चिट् ओरडायची, शेपटी हलवायची आणि परत जायची. तिने आत पाऊल टाकलं नाही. पिल्लांच्या अंगावर धड पिसंही फुटली नव्हती, त्यांना तसल्या उन्हात किती वेळ काढता येणार? दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज लिंबात शिरला आणि घरटं फाडून पिल्लं घेऊन गेला. भारद्वाजावर माझा राग नाही, तो त्याचं पोट भरतो. आदल्या दिवसापर्यंत त्याला ते घरटं दिसत नव्हतं, कारण पानं होती.

त्या गृहस्थांचा फोटो पुढे अनेकांनी वाखाणला. पिल्लांचं काय झालं, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना त्रास देणं येतं. म्हणजे असा फोटो काढणाऱ्याला बक्षीस देताना आपण कशाला बक्षीस देतो आहोत, याचा विचार वृत्तपत्राने तरी करायला हवा. लोक छापून आलेलं बघून तसंच करायला जातात. आजच आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने मला विचारलं, "काकू, घरटं कुठे सापडेल?"

त्या मुलाला मी घरट्याचा नाद सोडून साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात जायला सांगितलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कासच्या रस्त्याकडेच्या उतारांवर धायटी लाल फुलांनी भरून जाते. सकाळी लवकर एखाद्या झुडपापासून अंतर राखून गप्प बसायचं. शिंजीर आपली ठरलेली काडी सोडत नाही, फिरून फिरून तिथेच येतो. त्या काडीवर कॅमेरा रोखून थांबलं की फोटो मिळतोच. विणीच्या दिवसांतला नर आधी काळा दिसतो. मग तो मान वळवतो आणि सगळा गळा निळा-जांभळा पेटतो. हा रंग पिसांच्या रचनेवरून परतणाऱ्या उजेडाचा, म्हणून कोनाबरोबर बदलतो. फुलात चोच खुपसून वर आला की कपाळाला पिवळे परागकण चिकटलेले असतात. हे बघायला कात्री लागत नाही. पांगारा, काटेसावर, अगदी आंब्यावरचं बांडगूळ फुललं तरी तो हजर असतो. महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला नशीब असेल तर लाल गळ्याचा विगर्सचा शिंजीरही दिसतो, जो पश्चिम घाटाबाहेर जवळपास कुठेच नाही. आपल्या पानावर असा एखादा फोटो पहिल्या क्रमांकाला का नको?

आणखी एक गोष्ट राहून जायला नको. त्या फोटोखाली आपण 'साताऱ्यात हमिंगबर्ड' असं छापलंत. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत असतात. साताऱ्यातच काय, अख्ख्या भारतात त्यांची एकही जात नांदत नाही. नावाची चूक झाली म्हणून मी सोडून दिलं असतं, पण सोबतच्या चौकटीत बागेत लाल बाटलीतून साखरपाणी टांगण्याचा सल्लाही आहे, तो त्या तिकडच्या पक्ष्यांसाठीचा. आपल्या शिंजिराची पिल्लं मधावर वाढत नाहीत, त्यांना किडे आणि कोळी लागतात. घरटं बांधायला कोळ्याचं जाळं लागतं. बागेत काही करायचंच असेल तर जास्वंद लावा, औषध फवारणं थांबवा आणि कुंपणाच्या कोपऱ्यातली जाळी झाडू नका. ही माहिती त्या चौकटीत आली असती तर किती घरांत उपयोगी पडली असती!

माझी विनंती साधी आहे. पक्ष्याचं नाव दुरुस्त करून ते त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापा. स्पर्धेच्या नियमांत घरटी, अंडी आणि पिल्लं यांचे फोटो घेतले जाणार नाहीत, असं स्पष्ट लिहा. आणि बक्षीस हातात देण्याआधी विजेत्यांना एवढं विचारा, की फोटो काढल्यानंतर ते त्या झाडाकडे पुन्हा गेले होते का, आणि ती दोन्ही पिल्लं उडाली का.

आपली,
एक नियमित वाचक,
गोडोली, सातारा