रविवारच्या दवाखान्याबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा नुसतं 'बरं, बरं' म्हणाले, तेव्हाच कळलं की पटलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. सायकल चालवायला जाता यावं म्हणून रविवारचा दवाखाना बंद केला तो केलाच. पाटीही रंगवून झाली.

बाबा, पेशंट तुटतील म्हणालात. तुटले थोडे. पण शनिवारी रात्री दहापर्यंत बसते, अडल्यानडल्याला फोन चालू असतो. आणि दिवसभर खुर्चीतून लोकांना 'चाला, चाला' सांगायचं आणि आपण लिफ्टने घर गाठायचं, हे किती वर्षं? माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आलंय. आई, लगेच डोळ्यांत पाणी नको. हा मधुमेह नव्हे, उंबऱ्याच्या अलीकडेच आहे, ५.७ च्या खाली आणायचं. पण आजीचे पाय आपण तिघांनीही पाहिलेत.

सायकलवर एकटी नसते, सगळी डॉक्टर मंडळी आहेत. पहाटे उपवनहून येऊरचा चढ, नाहीतर कळवा-विटाव्यावरून ऐरोली, वाशी आणि पुढे पाम बीच. घोडबंदर रोडला जात नाही. गायमुखचा घाट, ते ट्रेलर, ते खड्डे... अण्णाकाकांचं विसरलेले नाही मी. हेल्मेट, पुढे-मागे दिवे, चमकणारं जाकीट, सगळं असतं. शिवाय आमच्यात एक हाडांचे डॉक्टर आहेत, पडलंच कुणी तर प्लास्टर घरचंच. (बाबा, ही ओळ आईला वाचून दाखवू नका.)

आई, उपाशीही जात नाही. निघताना केळं, परतताना पोहे, नऊला घरात. दुपारी चक्क झोपते. हिवाळ्यात सीवूड्सच्या तळ्यावर रोहित पक्षी उतरतात, तुम्ही आलात की दाखवीन. गाडीने!

येऊरला दम लागला की तुमची ॲटलस आठवते, बाबा. दांड्यावर टॉवेलची घडी, माझा हात घंटीवर, तुमची दाढी टाळूला टोचायची. वडाच्या चढाला तुम्ही उतरून ढकलायचात, मला मात्र उतरू द्यायचा नाहीत.

दुसऱ्या शनिवारी येते ती येणारच. फक्त डिसेंबरात २०० किलोमीटरची राइड आहे, साडेतेरा तासांत पुरी करायची. शर्यत नाही हो, नंबरबिंबर काही नसतो. नाव दिलंय. त्या महिन्यात आठवडाभर आधी येईन.

आता तुमचं. बाबा, पाय सुजतात म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करायची नाही. त्या गोळीने कधीकधी सुजतात, मी बदलून देईन, तोवर चालू ठेवा. आई, थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासाने. कॅल्शियम रात्रीच, दोन्ही एकदम गिळू नकोस. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला बुधवारी माणूस येईल. 'आम्ही काय म्हातारे झालो का' म्हणून त्याला परत पाठवू नका. पैसे दिलेत, चहा तेवढा द्या.

तुमची,
मनू