गढूळ बिअर आणि तुझी घाई

प्रिय बंड्या,

फोटो पोचला. ग्लासामागे धरलेलं तुझं बोट दिसत नाही हे खरं, पण म्हणून एवढं घायकुतीला यायचं कारण नाही. ‘उद्या बाटल्या भरायच्यात, आज काय घालू?’ असं विचारलंयस. आज काही घालू नकोस, आणि उद्या बाटल्याही भरू नकोस.

आधी हायड्रोमीटर, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती काचेची नळी, बुडव. दोन-तीन दिवस आकडा जागचा हलला नाही, तरच आंबणं संपलं असं धर. एअरलॉकच्या, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीच्या, बुडबुड्यांवर विसंबू नकोस, ते उगाच थांबतात आणि उगाच सुरू होतात. अर्धवट आंबलेली बिअर कोंडलीस तर गढूळपणा राहील बाजूला, बाटल्याच फुटतील. शिवाय आंबताना तयार झालेला लोण्याचा वास आंबवणारं यीस्टच शेवटी निस्तरतं. त्याचं काम उरकायच्या आत त्याला तळाशी बसवून तुला काय मिळणार?

मग गढूळपणा कशाचा आहे ते बघ, कारण सगळं त्यावर अवलंबून. नितळलेली वाटणारी बिअर फ्रिजमध्ये ठेवल्यावर धुरकट झाली आणि बाहेर काढून ठेवल्यावर पुन्हा स्वच्छ झाली, तर ती धान्यातली प्रथिनं आणि टरफलांतली-हॉप्समधली (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधली) पॉलिफेनॉल्स, म्हणजे तुरट द्रव्यं. थंडीत ती एकमेकांना चिकटतात, ऊब मिळाली की सुटतात. थंड-गरम दोन्ही वेळा सारखीच गढूळ असेल तर बहुधा यीस्ट, नाहीतर स्टार्च. स्टार्चची खात्री सोपी आहे: पांढऱ्या बशीत चमचाभर बिअर, तिच्यात आयोडीनचा एक थेंब. रंग निळा-काळा झाला तर मॅशमध्येच, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवतानाच, स्टार्चची पुरती साखर झालेली नाही, आणि खाली बसवायची कुठलीही पूड त्यावर चालत नाही. बशीतली बिअर मात्र ओतून दे, पिऊ नकोस.

तुझ्या फोटोवरून मला तरी यीस्टच वाटतंय. त्याला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे थंडी. अख्खा फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, फ्रिजमध्ये घाल, ० ते २ अंशांवर, दोन-तीन दिवस. यीस्टची एक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान. एकटी बुडायला फार वेळ घेते. पण कणाचा व्यास दुप्पट झाला की बुडण्याचा वेग साधारण चौपट होतो, म्हणून पेशींचे पुंजके झाले की गाळ भराभर बसतो. एक सांभाळ: थंड होताना आतला वायू आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते, कधी एअरलॉकमधल्या पाण्यासकट. आंबलेल्या बिअरला ऑक्सिजन लागला की ओल्या पुठ्ठ्याची चव येते. त्यापेक्षा गढूळ बरी! झाकण घट्ट लावून एअरलॉकच्या जागी कार्बन डायऑक्साइड भरलेला फुगा जोडलास तर उत्तम.

एवढ्यानेही भागलं नाही तर जिलेटिन. बिअर थंडगार झाल्यावरच, कारण थंडीत एकत्र आलेला धुरकटपणाही मग त्याच्याबरोबर खाली जातो. वीस लिटरला अर्धा ते एक छोटा चमचा, बिनवासाचं, बिनरंगाचं. कपभर गार पाण्यात भिजत टाक. दाणे फुगून पारदर्शक झाले की हलक्या हाताने ढवळत ६५-७० अंशांपर्यंत तापव. उकळलंस तर त्याच्या साखळ्या तुटतात आणि जोर जातो. विरघळलेलं ते पाणी बिअरमध्ये ओत आणि दोन दिवस हात लावू नकोस. बिअरच्या आंबटपणात जिलेटिनवर धन भार असतो, यीस्टवर ऋण, म्हणून दोघं एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. तुरटीने पाणी निवळतं त्याच जातीचा प्रकार. फक्त हे हाडं-कातडीपासून बनतं आणि आयसिंग्लास नावाचं तसंच दुसरं साधन माशांच्या हवेच्या पिशव्यांपासून, तेव्हा पिणाऱ्यांत कोणी शाकाहारी असेल तर आधी सांग, किंवा नुसत्या थंडीला आणखी आठवडा दे. आयरिश मॉस समुद्री शेवाळाचं आहे, पण ते वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं धान्याचं गोड पाणी, उकळताना शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घालायचं. ती वेळ गेली.

गव्हाची बिअर असेल तर यातलं काहीच करू नकोस, ती गढूळच असायची. भरपूर हॉप्स घातलेलीलाही मी जिलेटिन लावत नाही. थोडा सुवास त्याच्याबरोबर जातोच, असं माझं मत.

काढताना सायफनचं टोक गाळाच्या बरंच वर ठेव आणि तळाची अर्धा-एक लिटर बिअर सोडून दे. तिच्या लोभापायी सगळ्या बाटल्या पुन्हा ढवळल्या जातात. बाटल्यांऐवजी केग (बिअरचं पिंप) भरणार असशील तर जिलेटिन थेट केगमध्येही चालतं. पहिला-दुसरा ग्लास गाळाचा निघेल तो फेकायचा, आणि त्यानंतर केग हलवायचा नाही.

‘एवढी स्वच्छ केली तर बाटलीत फेस कसा येणार?’ हे तू विचारणारच. डोळ्यांना काचेसारखी दिसली तरी पुरेसं यीस्ट त्यात उरतं, फार तर थोडे दिवस जास्त लागतील. गोची होते ती फेसासाठी बाटल्या भरताना घालायच्या साखरेत. हिशोबात फ्रिजचं तापमान घातलंस तर साखर निम्म्यावर येईल आणि बिअर मिळमिळीत होईल. बिअरमध्ये आधीचा विरघळलेला वायू किती उरलाय हे आंबणं संपल्यावर ती जास्तीत जास्त किती गरम होती त्यावर ठरतं. नंतर गार केल्याने तो वाढत नाही. २० अंश असेल तर लिटरला सहाएक ग्रॅम साखर पुरते. तुझ्याकडचा तापमानाचा आकडा कळव, मी हिशोब करून पाठवतो. तोवर बाटल्या धुऊन ठेव.

तुझा,
नान्या