पियानो निवडून देणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

परवा लेकीने भरत नाट्य मंदिरात स्वतःच्या डिजिटल पियानोवर पहिल्यांदा साथ केली. घरी आल्यापासून तुमचाच विषय चाललाय, म्हणून आज पत्र लिहायला बसले.

आपली ओळख झाली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. गणपतीतला कार्यक्रम, उसना आणलेला की-बोर्ड, मागे फक्त हेडफोनचं भोक. तिथून निघालेली वायर थेट साउंड मिक्सरला लावली आणि पियानोचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. आपलाच हात चुकतोय असं वाटून तिचे डोळे भरले. तुम्ही पुढच्या ऑर्केस्ट्रासाठी विंगेत थांबला होतात. पुढे येऊन आधी तिला म्हणालात, "तुझं काही चुकलं नाही गं." मग समजावलंत: हेडफोनच्या स्टीरिओ पिनेतले डावे-उजवे आवाज मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड चॅनेलमध्ये (दोन तारांमधला फरक तेवढाच घेणाऱ्या) गेले की एकातून दुसरा वजा होतो, आणि दोन्हींत सारखं असेल तेवढं सगळं नाहीसं होतं. तुमच्या पिशवीतून एका पिनेच्या दोन पिना करणारी वायर निघाली आणि पुढचं गाणं नीट वाजलं.

त्यानंतरचे दोन महिने तिचा पियानो निवडायला तुम्ही आमच्यासाठी जो वेळ काढलात, त्याचे आभार मानायचे आहेत.

आम्ही पाहत होतो ते टोन, म्हणजे वाद्यांचे आवाज, किती आणि ताल किती. तुम्ही तिला डोळे मिटून हेडफोनवर एकच गाणं तीन वाद्यांवर वाजवायला लावलंत: अगदी हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू. खर्जाकडच्या पट्ट्या जरा जड आणि वरच्या हलक्या हव्यात, खऱ्या पियानोसारख्या, हे तिच्या बोटांना कळेपर्यंत तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत. मला वाटतं, खरी निवड तिथेच झाली.

कोथरूडला सेकंडहँड पियानो बघायला गेलो तो दिवसही आठवतो. दिसायला नवाकोरा. आम्ही पैसे द्यायच्या तयारीत होतो. तुम्ही ८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून, अलगद, एकाच जोराने दाबत गेलात. मधल्या सप्तकात एक पट्टी एकदम खणकन ओरडली. पुन्हा हळूच दाबलीत, पुन्हा ओरडली. खालचे रबरी कॉन्टॅक्ट झिजलेत किंवा त्यात धूळ गेलीय, आणि ठुमरीच्या साथीत नेमकी हीच पट्टी दगा देईल, म्हणालात. चहा घेऊन आपण बाहेर पडलो.

वजनाचा विचार तर आमच्या मनातही आला नव्हता. लेकीला यामाहाचा सीपी-८८ फार आवडला होता. तो १८.६ किलोचा. आमचं घर सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुम्ही गव्हाची गोणी उचलायला लावलीत तिला, जिन्यावरून खाली आणि परत वर! मग रोलँडचा आरडी-८८ ठरला: १३.५ किलो, पट्ट्या पूर्ण ८८, आणि स्वतःचे स्पीकर असल्यामुळे घरी रियाजाला वेगळं काही लावावं लागत नाही. मागे दोन जॅक आउटपुट आहेत. मिक्सरवर एकच चॅनेल मोकळा असेल तर फक्त डाव्या जॅकमधून मोनो आवाज घ्यायचा, हे तिने वहीत लिहून ठेवलंय.

ट्रान्सपोजबद्दल, म्हणजे बटण दाबून सगळ्या पट्ट्यांचा सूर वर-खाली सरकवण्याबद्दल, मात्र तुम्ही कडक होतात. गायिकेचा सूर काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) असेल तर बटण न दाबता काळी चारमधूनच बसवायचं. बटण तसंच राहून पुढचं गाणं भलत्याच सुरात सुरू झालेलं तुम्ही पाहिलंय. परवा दोन गाणी काळी चारची होती. तिने बटणाला हात लावला नाही.

पायाचं साधं पेडल बदलून अर्धं दाबता येणारं घ्या म्हणाला होतात, ते दिवाळीनंतर घेऊ. आता पैसे थोडे आवळून आहेत.

या कामाचा तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. दुकानदारांकडेही स्वतःचं नाव पुढे केलं नाहीत. "तिने वाजवत राहावं" एवढंच म्हणालात. दादा, ती रोज वाजवते. सकाळी साडेपाचला हेडफोन लावून बसते, आम्हाला फक्त पट्ट्यांची टकटक ऐकू येते.

तुमची ती दोन पिनांची वायर अजून आमच्याकडेच आहे. रविवारी घरी जेवायला या, वहिनींनाही घेऊन या. वायर तेव्हाच देईन.

तुमची,
लेकीची आई